आंबा का रुसतो?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव नावाचे गाव आहे. वैनगंगेच्या आसपासच्या या सुपीक मुलखाला चौरास म्हणतात. पावसाळ्यात चौरासातील धानाच्या बांध्या पाण्याने तुडुंब भरतात आणि दूरवर पसरलेल्या त्या हिरव्या पटावर, धुऱ्यांवरची जुनी झाडे राखणदारांसारखी उभी दिसतात. त्यांत बाभूळ असते, मोह असतो. पण मान मोठा तो आंब्याचा. हा आंबा कोणी कलम बांधून लावलेला नसतो. कधी काळी कोणी चोखून फेकलेल्या कोयीतून तो आपोआप उगवलेला असतो. म्हणूनच गावरान आंब्याच्या प्रत्येक झाडाची चव निराळी, रंग निराळा आणि नावही निराळे. कोणाचा शेंदऱ्या, कोणाचा खोबऱ्या, तर बडीशेपेसारखा वास येतो म्हणून कोणाचा शेप्या. घरातील मुलांना जशी नावे असतात, तशीच या झाडांनाही असतात.

अशा एखाद्या झाडावर एके वर्षी इतकी फळे लागतात की फांद्या भुईला टेकू पाहतात. घरात तणसाच्या आढ्या लागतात, लोणच्याची बरणी भरते, कैरीच्या फोडी उन्हात वाळत पडतात आणि शेजारपाजाऱ्यांना वाटूनही आंबे उरतात. पुढच्या वर्षी माघ महिना येतो, हवेत दुसऱ्या झाडांच्या मोहोराचा सुगंध दरवळू लागतो. परंतु हे झाड मात्र पानांचा गडद हिरवा पसारा सांभाळीत मुकाट्याने उभे असते. मोहोराचा एक तुरा नाही. "यंदा आंबा रुसला," असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. एक वर्ष रुसवा चालतो. दुसऱ्या वर्षी अवकाळी पावसाने थोडाफार आलेला मोहोरही झडला, की तेच लोक "आंबा वांझ झाला" असे म्हणू लागतात.

हा शब्द झाडाला फार महाग पडतो. आंब्याच्या सावलीत धान नीट भरत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. झाड फळत असते तोवर त्या चार पायल्या धानाचा कोणी हिशेब करीत नाही. फळे थांबली की तोच हिशेब आठवू लागतो. लाकडाचा व्यापारीही मोठा चतुर. झाड फळांनी लदलेले असताना तो कधी बांधावर येत नाही. तो येतो नेमका रित्या वर्षी. १९६४ साली महाराष्ट्रात झाडे तोडण्याबाबत जो कायदा झाला, त्याच्या यादीत आंब्याचे आणि मोहाचे नाव घातलेले आहे. परवानगीवाचून ही झाडे तोडता येऊ नयेत, हा त्यामागील हेतू. परंतु परवानगीचा कागद मिळूही शकतो. आणि तीन पिढ्यांनी ज्याच्या सावलीत शिदोरी सोडली, तो वृक्ष एका सकाळीत आडवा होतो. गावरान आंब्याच्या बाबतीत ही हानी साधी नसते. त्याची कोय पेरली तरी बहुधा तोच आंबा पुन्हा येत नाही; येते ते त्याचे लेकरू, आणि लेकराची चव आईसारखी असेलच असे नाही. शेप्या तोडला की त्या चवीचा आंबा पृथ्वीतलावरून नाहीसा होतो. तेव्हा आंबा का रुसला, हा प्रश्न कुऱ्हाड उचलण्याआधी विचारला पाहिजे.

हा प्रश्न माणसाला फार पुरातन काळापासून पडलेला आहे. आपल्या प्राचीन कवींनी त्याचे एक गोड उत्तर कल्पिले होते. काही वृक्षांना फुलण्यापूर्वी डोहाळे लागतात आणि ते पुरविल्यावाचून त्यांना बहर येत नाही, असा तो संकेत. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकात राजवाड्याच्या उद्यानातील अशोक फुलत नाही. सुंदर स्त्रीने अलंकृत पायाने स्पर्श केला म्हणजे तो फुलतो, अशी समजूत. राणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावलेला असतो, म्हणून ते काम मालविकेकडे येते आणि अशोक फुलतो. ही मालविका विदर्भाची राजकन्या, ही गोष्ट विदर्भातील वाचकांनी विसरू नये! सामान्य लोकांची रीत मात्र एवढी नाजूक नव्हती. न फळणाऱ्या झाडापुढे कुऱ्हाड परजून त्याला धाक घालण्याची चाल जगातील निरनिराळ्या देशांत होती. एकाने म्हणावयाचे, "आता तुला तोडतो," आणि दुसऱ्याने झाडाच्या वतीने म्हणावयाचे, "या वेळी राहू द्या, पुढच्या वर्षी नक्की फळेल."

या चालीची आज कोणी थट्टा करील. परंतु गंमत अशी, की धाक घालणारांचा अनुभव बहुतेक वेळा खरा ठरत असे. ज्या झाडाला धाक घातला, ते पुढच्या वर्षी खरोखरच फळत असे. मात्र ते कुऱ्हाडीला भिऊन फळत नव्हते. त्याचे फळण्याचे वर्षच आलेले असे.

झाडाचे अन्न पानांत तयार होते, हे शाळेत शिकविले जाते. सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांपासून पाने साखर बनवितात. त्यातील काही रोजच्या खर्चाला जाते आणि उरलेली फांद्यांत, खोडात व मुळांत पिठाच्या रूपाने साठविली जाते. फळे लागली की या साठ्याला मोठी गळती लागते. आपल्याला आंब्याचा गर दिसतो. पण झाडाच्या दृष्टीने खरी किंमत कोयीची असते. तिच्यात पुढचा वृक्ष दडलेला असतो, म्हणून तिला पीठ, स्निग्धांश, क्षार सगळेच भरपूर द्यावे लागते. शेकडो कोयी भरल्या की झाडाचे भांडार रिकामे होते. ज्या घरात यंदा लग्न निघाले, त्या घरात पुढच्या वर्षी नव्या घराचा पाया खणीत नाहीत. तसेच हे आहे.

तथापि केवळ साठा संपतो, एवढेच कारण सांगून भागत नाही. आंब्याचा मोहोर फुटतो तो फांदीच्या शेंड्याला, आणि तोही शेंडा काही महिन्यांचा, पक्व झालेला असेल तरच. फळांनी लदलेले झाड ज्येष्ठापर्यंत फळे पोशीत असते. फळे उतरली तरी त्याच्यात नवी पालवी फोडण्याचे त्राण राहत नाही. पावसाळा सरता सरता ते कुठे थोडी पालवी फोडते. पौषात थंडी पडते, रात्री गार होतात आणि मोहोराची वेळ येते, तेव्हा ते शेंडे अजून कोवळेच असतात. कोवळ्या शेंड्याला थंडीचा हा निरोप कळत नाही. तो तसाच राहतो, नाहीतर पुढे पानेच काढतो. याच्या उलट जे झाड वर्षभर रिते राहिले, त्याच्यावर पहिल्या पावसाबरोबरच पालवीचा पूर येतो. ती पालवी हिवाळ्यापर्यंत चांगली जून होते आणि माघात शेंड्याशेंड्याला तुरा येतो. म्हणजे यंदाचा मोहोर यंदाच्या हिवाळ्यात ठरत नाही. तो गेल्या पावसाळ्यात ठरून गेलेला असतो.

यात आणखी एक गुपित आहे, आणि ते उलगडण्याचा धागा सापडला तो धानाच्या बांधीत. जपानी शेतकऱ्यांना धानाचा एक विचित्र रोग माहीत होता. काही रोपे एकाएकी उंच, बारीक आणि फिकट होत आणि दाणा न धरताच लोळत. इइची कुरोसावा या शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवून दिले, की एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्यामुळे रोपे अशी वाढतात. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. पुढे असे आढळले, की हे द्रव्य बुरशीतच असते असे नव्हे. वनस्पती ते स्वतःही अल्प प्रमाणात तयार करतात. आंब्याच्या वाढत्या कोयीत ते तयार होते, आणि जवळच्या फांदीला ते जणू सांगते, "आता वाढायचे तर वाढ, फुलू मात्र नकोस," असे संशोधकांचे मत आहे. म्हणजे थोरल्या भावाचे पोषण पुरे होईपर्यंत धाकट्याने वाट पाहावी, अशी ही व्यवस्था आहे.

आता एखाद्या चौकस मुलाच्या मनात येईल, की प्रत्येक झाड आपल्या हिशेबाने विश्रांती घेत असेल, तर गावातील पुष्कळ आंबे एकाच वर्षी का रुसतात? त्याचे उत्तर आकाशाकडे पाहून मिळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रात मोठी गारपीट झाली. अशी गारपीट मोहोरावर कोसळली की साऱ्या शिवारातील झाडांना एकदमच सुट्टी मिळते. सगळी एकदमच पालवतात, पुढच्या हिवाळ्यात एकदमच मोहरतात, एकदमच थकतात आणि मग एकदमच रुसतात. उलट काही झाडे अशी असतात, की त्यांची एक बाजू मोहरलेली आणि दुसरी कोरी. लोक म्हणतात, झाडाला दृष्ट लागली. वस्तुतः त्या झाडाच्या निरनिराळ्या फांद्यांनी आपापल्या पाळ्या वाटून घेतलेल्या असतात.

हा स्वभाव एकट्या आंब्याचा नाही. युरोप-अमेरिकेत ओक नावाचा महावृक्ष आहे. आपल्या देशात त्याचे भाऊबंद हिमालयाच्या उतारांवर आढळतात. कुमाऊँ-गढवालात त्यांना बांज म्हणतात. ओकचे फळ म्हणजे टोपी घातलेल्या सुपारीएवढे कठीण कवचाचे बी. त्याच्यावर खारी, पक्षी, हरणे, रानडुकरे, सोंडकिडे अशी सारी सृष्टी पोसली जाते. हा ओकही एखाद्या वर्षी बियांचा सडा घालतो आणि नंतर एक-दोन वर्षे हात आखडून बसतो. कॅलिफोर्नियातील हेस्टिंग्ज येथे वॉल्टर कोनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली एक साधी मोजणी सुरू केली व पुढे ती अनेक दशके चालविली. दरवर्षी शरद ऋतूत त्याच सुमारे अडीचशे झाडांपुढे दोघांनी उभे राहावयाचे आणि पंधरा सेकंदांत जितकी फळे दिसतील तितकी मोजावयाची. उपकरण म्हणजे दुर्बीण आणि चिकाटी! वर्षानुवर्षांच्या या आकड्यांतून दिसले, की भोवतालच्या मोठ्या प्रदेशातील ओक एकाच वर्षी फळतात आणि एकाच वर्षी रिते राहतात. आणि वसंतातील हवेशी या गोष्टीचा निकट संबंध आहे. ओकचे पराग वाऱ्यावर जातात. फुलोऱ्याच्या दिवसांत हवा उबदार व कोरडी असली तर ते दूरवर पसरतात. पाऊस लागून राहिला किंवा हिमकण पडले तर सारी मेहनत वाया जाते. या फळण्यात आणि थांबण्यात ओकचा एक फायदाही आहे. दरवर्षी सारखेच बी पडले असते तर ते खाणारे प्राणीही तितकेच वाढले असते आणि एकही बी रुजावयास उरले नसते. रित्या वर्षी खाणारांची संख्या घटते. मग भरल्या वर्षी इतके बी पडते की खाणारे थकतात आणि उरलेल्यांतून नवे ओक उगवतात.

आसगावच्या पंचक्रोशीत ओकच्या जवळचा स्वभाव शोधावयाचा, तर तो मोहाच्या झाडात सापडेल. मोहाचेही भरघोस पीक दरवर्षी येत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा येते. फाल्गुन-चैत्रात पाने झडलेल्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. रात्री वटवाघळे त्यांच्यावर येतात आणि पहाटे रसाळ, फिकट पिवळी फुले टपटप खाली पडतात. बायामुले टोपल्या घेऊन ती वेचतात. इतकी फुले वेचल्यावर झाडाला फळ कसे लागेल, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु निसर्गाने येथे मोठी सोय करून ठेवली आहे. खाली पडते ती फुलाची गोड पाकळीनळी, पुंकेसरांसह. ज्यातून फळ व्हावयाचे तो भाग देठाशी झाडावरच राहतो. वेचणारांमुळे मोह रिता होत नाही. त्याला खरी इजा पोहोचते ती फुले नीट दिसावीत म्हणून बुंध्याशी पाचोळा पेटविल्याने. त्या आगीत साल भाजते, भोवतीची रोपे जळतात आणि आग पुढे रानात शिरते ती निराळीच.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. प्रत्येक रिते झाड विश्रांतीच घेत असते, असे मानणेही चुकीचे होईल. काही झाडे खरोखर आजारी असतात आणि त्यांचा आजार पुष्कळदा माणसानेच दिलेला असतो. धुरा नीट करण्यासाठी बुंध्याजवळची माती ओरबाडली तर मुळे उघडी पडतात. खोडाशी तणसाचे ढीग जाळले तर साल करपते. धानाला घातलेले खत मुळांनी खूप ओढले, तर झाड नुसते पानांनी माजते. दिसावयास राजबिंडे, फळावयास आळशी! मोहोर आला तरी संकट टळत नाही. ढगाळ दमट हवेत भुरी रोग त्याच्यावर पीठ भुरभुरल्यासारखा पसरतो, तुडतुडे त्याचा रस शोषतात. मोहोरातील बहुसंख्य फुले नरफुलेच असतात. उरलेल्यांतूनही फारच थोड्यांची फळे होतात, आणि त्यासाठी माशा व इतर लहान कीटक यावे लागतात. ऐन मोहोरात विषारी औषधांची फवारणी केली तर तुडतुड्यांबरोबर हे पाहुणेही मरतात. दशेरी आणि लंगडा यांसारख्या काही जातींना तर स्वतःच्या परागाने नीट फळ धरत नाही. त्यांना निराळ्या जातीचा शेजार लागतो. शेजारच्या धुऱ्यावरचा आंबा तुटला आणि आपला फळेनासा झाला, तर त्यात नवल मानू नये.

सर्वांत लबाड शत्रू म्हणजे बांडगूळ. फुलटोचा नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी बांडगुळाची पिकलेली फळे खातो आणि त्याचे चिकट बी फांदीवर टाकतो. ते बी तेथेच रुजून फांदीच्या सालीत आपली मुळी घुसविते आणि आंब्याचे पाणी व क्षार फुकटात पिऊ लागते. बांडगुळाची फुले दिसावयास सुंदर असतात. त्यामुळे पुष्कळांना ती झाडाचीच शोभा वाटते. पण फांदी हळूहळू वाळत जाते. बांडगूळ नुसते खुडून भागत नाही. ते जेथे रुजले असेल त्याच्याही थोडे मागून फांदी कापावी लागते. व्यापाऱ्याच्या कुऱ्हाडीपेक्षा ही एवढीशी कोयती झाडाच्या अधिक उपयोगाची.

शास्त्रज्ञांनी आंब्याचा रुसवा काढण्याचे इतरही उपाय शोधले आहेत. दरवर्षी फळणाऱ्या नीलम जातीशी संकर करून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात रत्ना ही जात तयार झाली, ती १९८१ साली बागायतदारांच्या हाती आली. दिल्लीच्या आम्रपालीचीही कथा अशीच. तिच्यात दशेरी आणि नीलम यांचे गुण एकत्र आले. कोकणात हापूसच्या मुळांशी पॅक्लोब्युट्राझॉल नावाचे द्रव्य घालतात. ते झाडातील जिबरेलिनची निर्मिती रोखते आणि झाड मोहरते. मात्र प्रमाण चुकले तर शेंडे खुजतात आणि झाडाचा जोम जातो. चौरासातील धुऱ्यावरच्या शेप्याला या कशाचीच गरज नसते. त्याला बुंध्याशी चार टोपल्या शेणखत, वाळक्या फांद्यांची छाटणी आणि थोडी सवड एवढे मिळाले तरी पुरते. आणि झाड खरोखरच म्हातारे झाले असेल, तर त्याची जोमदार काडी घेऊन एखाद्या कोवळ्या रोपावर कलम बांधून ठेवता येते. मग खोड गेले तरी चव जात नाही.

रुसलेल्या झाडाची परीक्षा मात्र माघात करून उपयोग नाही. ती करावयाची आषाढात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, जेव्हा सगळ्यांच्या नजरा चिखलाकडे असतात. झाडाखाली उभे राहावे आणि फांद्यांचे शेंडे पाहावेत. ते काळपट, सुकलेले, जसेच्या तसे असतील, तर बुंध्याची, मुळांची आणि बांडगुळाची चौकशी करावी. पण पहिल्या चार सरी पडून गेल्यावर त्या गडद हिरव्या पसाऱ्यातून जागोजागी तांबूस, जांभळट, रेशमासारख्या मऊ पालवीचे झुबके लोंबू लागले असतील, तर घरी जाऊन आजीला खुशाल सांगावे, की पुढच्या वर्षीसाठी लोणच्याची मोठी बरणी काढून ठेव.